ओट्याचं माप आणि अकरा घावनं

आमच्या यांनी नव्या स्वयंपाकघराचा नकाशा मुंबईत बसून काढला आणि मोबाइलवर पाठवला. ओटा पश्चिमेच्या भिंतीला, गॅसला खेटून फ्रीज, वर विजेची चिमणी आणि खिडकी एवढीशी. खाली लिहिलेलं, 'फायनल'. माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं ज्या भिंतीपुढे मी भाजून निघाले, तिथेच टाइल्स लावून मला पुन्हा उभी करणार होते.

आमचं घर पालीत, चिऱ्याचं. मूळ घरावर कौलं आहेत, पण स्वयंपाकघर मागाहून वाढवलं आणि त्यावर स्लॅब घातला. मे महिन्यात दुपारी तो वरून तापतो, पश्चिमेची भिंत बाजूने तापते, पुढ्यात गॅस. पंखा लावावा तर गॅस विझतो. गेल्या मेमध्ये आमटीला फोडणी देता देता मला भोवळ आली आणि मी डाळीच्या डब्यावर बसकण मारली. डॉक्टर म्हणाले, उन्हात बाहेर जाऊ नका. बाहेर जातंय कोण मेलं! ऊन माझ्या घरातच होतं.

यांना स्वयंपाकघर ठाऊक होतं ते गणपतीतलं. बाहेर धो धो पाऊस, आत ऊब. भिजून यायचं, गॅसवर हात शेकायचे आणि म्हणायचं, "काय बरं वाटतं गं इथे!" मे महिन्यात आले की मात्र पडवीतल्या झोपाळ्यावरून हलायचं नाव नाही, पाणीसुद्धा तिथेच. फोनवर मी उष्म्याचं काढलं की एकच उत्तर: "अगं, मोठी चिमणी लावू." आणि लाईट गेली की? त्यावर यांची रेंज जायची.

मग मी भांडण सोडलं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, आमच्याकडे तव्याचा लागला.

हे मेमध्ये आले आणि गवंड्याला बोलावून घे म्हणाले. गवंडी वाडीतलाच, माझ्या हातचं खाऊन वाढलेला. त्याला म्हटलं, "सकाळी नको येऊस. दुपारी दोनला ये, आणि उपाशी ये."

"कळला, वैनी," म्हणाला आणि हसला.

दोनला तो येऊन मागल्या दारात वाऱ्याला बसला. "मालक, ओट्याची उंची किती ठेवू?" हे टेप घेऊन आत आले. मी म्हटलं, "अहो, टेपने काय कळणार? हात चालल्याशिवाय कोपर कुठे येतं ते समजत नाही. चार घावनं घाला बघू." पीठ कालवलेलं होतं, बिडाचा तवा तापलेला होता. यांना चेव आला.

पहिलं घावन चिकटलं. दुसरं रत्नागिरी जिल्ह्याच्या नकाशासारखं झालं. तिसऱ्याला जाळी पडली आणि हे खूश! गवंडी नारळाच्या रसात बुडवून खात होता. "झकास, मालक! आणखी दोन." पाचव्याला यांनी सदरा काढला. सातव्याला पंखा लावला, तर गॅस विझला. मी काडेपेटी पुढे केली. आठव्याला गवंडी म्हणाला, "उंचीचा अंदाज अजून येत नाही. घाला अजून."

अकराव्याला यांनी भिंतीला हात टेकला आणि चटकन मागे घेतला. गॅस बंद केला. घाम पुसत माझ्याकडे बघितलं.

"रोज?"

"रोज," मी म्हटलं. "आणि माणसं आली की दोनदा."

मला वाटलं होतं, जिंकल्यावर हसू येईल. उलट मी यांच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. तीस वर्षांत हे मला पहिल्यांदा कुणी विचारलं होतं.

त्याच संध्याकाळी मी जमिनीवर रांगोळीने नवा नकाशा काढला. ओटा उत्तरेला, फणसाच्या सावलीकडे, मोठ्या खिडकीखाली. फ्रीज लांब. पश्चिमेला तांदळाची कपाटं, आणि बाहेरून त्या भिंतीपासून चार बोटं सोडून पावसाळ्याची लाकडं रचायची, म्हणजे ऊन आधी लाकडांना लागेल. स्लॅबवर कौलारू छप्पर, मध्ये वारा खेळायला हातभर जागा. गरम हवा निघून जायला वर जाळी. यांनी खिडकीशी फक्त एक चौकोन वाढवला.

"हा कसला?"

"कट्टा. तुला बसायला."

स्वयंपाकघर असं काही गार झालं की पडवीत कुणी बसेना. हे निवृत्त होऊन आले ते थेट त्या कट्ट्यावर! पेपर तिथे, चहा तिथे, आणि सल्ले तर तिथूनच. "मीठ बघितलंस का गं?" उष्मा होता तेव्हा निदान माझ्या राज्यात कुणी पाऊल टाकत नव्हतं. माझ्यासाठी बांधलेल्या कट्ट्यावर वर्षभरात मी एकदाही टेकले नव्हते.

परवा दुपारी घावनं घालायला घेतली आणि वळले. "उठा," म्हटलं. "ती माझी जागा आहे."

हे उठले. पेपरची घडी केली. मी यांच्या हातात उलथणं दिलं आणि कट्ट्यावर जाऊन बसले. खिडकीतून वारा येत होता.

"किती घालू?" यांनी विचारलं.

"अकरा," मी म्हटलं.