पाचव्या दारचा जोगवा

त्या वर्षी नवरात्रात देवीशी माझं बोलणं बंद होतं. घट बसवला होता, अखंड दिवा होता, पण तोंडाने मी काही मागत नव्हते. नवरा संसार मोडून निघून गेला तेव्हा ही कुठे होती, असा माझा प्रश्न होता. त्याचं उत्तर मिळेपर्यंत मी वात पुढे सारेन, तेल घालेन, बाकी काही नाही. अल्बनीच्या चांगल्या चार खोल्यांच्या घरातून मी आणि माझी आठ वर्षांची ईरा, शहराच्या दुसऱ्या टोकाला ईस्ट टामाकीजवळ एका ट्रस्टच्या बैठ्या चाळीत येऊन राहिलो होतो. चाळ हा माझा शब्द, ते त्यांना युनिट्स म्हणतात. घर गेलेली, काम सुटलेली, मारहाणीतून बाहेर पडलेली माणसं तिथे काही महिने राहतात. ट्रस्ट त्यांना एखादं काम शिकवतो, नोकरीला लावतो आणि नोकरी लागली की कायमचं घर मिळवून देतो.

मला त्यांनी फोर्कलिफ्ट चालवायला शिकवलं. पुण्यात स्कूटीसुद्धा जीव मुठीत धरून चालवणारी मी, गोदामात मालाचे पॅलेट उचलून वरच्या फळीवर नेऊन ठेवू लागले. खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं. शिक्षण संपत आलं तेव्हा ट्रस्टची मेरे निरोप घेऊन आली. मेरे माओरी, माझ्याच वयाची, सगळ्या युनिट्सची काळजी तिच्याकडे. जवळच्या एका गोदामात जागा होती, पाळी सकाळी सहाची. नोकरी घेतली तर दोन बेडरूमचं घरही तयार होतं. सोमवारी होकार कळवायचा होता.

"सकाळी ईराजवळ कुणी आहे ना?" तिने विचारलं.

"आय विल मॅनेज," मी म्हणाले.

"स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या बोलीत झकास, असं म्हणून ती गेली.

कुणीही नव्हतं. शाळेतली सकाळची सोय सातला सुरू व्हायची आणि एवढ्या लहान मुलीला इथे घरात एकटं ठेवता येत नाही. अल्बनीतल्या मराठी मैत्रिणींचे फोन मी घेणं सोडलं होतं. कुणापुढे हात पसरायचा नाही, हे आमच्याकडे बाळकडूबरोबरच पाजलेलं असतं. मनातल्या मनात मी त्या नोकरीवर आणि त्या घरावर पाणी सोडून मोकळी झाले होते.

नवरात्रातला शुक्रवार आला. आमच्या कुळाचाराप्रमाणे त्या दिवशी बाईने पाच घरी देवीच्या नावाने जोगवा मागायचा. घर धान्याने भरलेलं असलं तरी अनवाणी जायचं, परडी पुढे करायची आणि जे पडेल ते डोक्याला लावून घ्यायचं. अल्बनीत मी दरवर्षी जायचे. पण तिथे आधी फोन करून वेळ ठरलेली असे, जोगव्यानंतर साबुदाण्याची खिचडी असे, तेव्हा त्याला मागणं म्हणणं जरा जास्तच होईल. यंदा जायचंच नाही असं मी ठरवलं होतं. संध्याकाळी दिव्यात तेल घालताना मात्र माझा तोल सुटला. "आता दारोदार भीक मागायला लाव, तेवढंच राहिलंय," असं मी देवीला मोठ्याने म्हणाले आणि तिरीमिरीत उठले. आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते असं.

परडी अल्बनीतच राहिली होती. पहिल्या दिवशी मेरेने साबण-टॉवेल घालून दिलेली गवती पात्यांची विणलेली टोपली होती, तिला माओरीत केते म्हणतात. तीच घेतली. "आई, ॲट लीस्ट जॅन्डल्स घाल! दिस इज सो एम्बरॅसिंग," असं म्हणत ईरा पायातल्या रबरी जॅन्डल्स फटफटवत माझ्यामागे चार हात अंतर ठेवून चालू लागली.

पहिल्या घरी वाटीभर तांदूळ मिळाले, दुसऱ्या घरी पीठ. तिसरं दार सिनाचं. ती सामोआ बेटांवरची, तिचं घर नेहमी माणसांनी भरलेलं. मी कसंबसं समजावून सांगितलं. "देवाच्या नावाने मागतेयस? मग चांगलंच द्यायला हवं," असं म्हणून ती आत गेली आणि कपाटातला कॉर्न्ड बीफचा मोठा डबा आणून तिने आदराने माझ्या टोपलीत ठेवला. मी जन्माची शाकाहारी, त्यात नवरात्राचा उपास, आणि देवीच्या जोगव्यात गोमांस! पण जोगव्याला नाही म्हणता येत नाही. मी डबा डोक्याला लावला. देवीने माझी चांगली जिरवली, असं मनात आलं. चौथ्या घरी ओट्स मिळाले.

पाचव्या युनिटमध्ये नोरा नावाची गोरी म्हातारी एकटी राहायची. ती कुणाशी बोलत नसे, मेरेलासुद्धा दार अर्धंच उघडायची. त्या दिवशीही तिने अर्धंच उघडलं, माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्याकडे द्यायला काही नाही गं. आज माझंच कपाट रिकामं आहे."

मी टोपलीतला डबा काढला आणि तिच्यापुढे धरला. "मी हे खात नाही. तुम्ही खाता?"

ती हसली. हसताना तिला मी प्रथमच पाहिलं. डबा घेऊन तिने दार पूर्ण उघडलं. "मागायला आलीस आणि देऊन चाललीस? हे काही बरोबर नाही. तुला खरंच काय हवंय ते सांग."

हातात टोपली धरून काही नको म्हणता येत नाही. इतक्या दिवसांत जे मी मेरेला, मैत्रिणींना, देवीला सांगितलं नव्हतं, ते तिथे दारात बोलून गेले. मुलीजवळ सकाळी बसायला कुणीतरी हवंय.

"एवढंच? मी रोज पहाटेपासून जागीच असते. खिडकीतून गाड्या बघत बसते. त्याऐवजी पोरीला बघेन." मी तिच्या उंबऱ्यावर बसून रडले. ईराने चार हातांचं अंतर सोडलं आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

मेरेने तिच्या रीतीने नोराची सगळी चौकशी केली आणि सोमवारी मी होकार कळवला. देवी आली होती असं मी म्हणणार नाही. नोरा होती, आणि तिच्या दारात मला कुणी उभं केलं एवढंच मला माहीत आहे. त्या टोपलीने मला एक मात्र शिकवलं. आपल्याला हवं तेच निवडून घेतलं तर ती खरेदी होते. जोगव्यात काय पडावं हे आपल्या हातात नसतं, आपण फक्त टोपली उपडी धरायची नाही.

यंदाचं नवरात्र नव्या घरात आहे. नोरा अजून रोज पहाटे ईराजवळ येऊन बसते. आज शुक्रवार, मी टोपली घेऊन निघणारच होते, तेवढ्यात दार वाजलं. नोरा उभी होती, अनवाणी, एका हातात जॅन्डल्स, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची रिकामी टोपली. ईराने तिला सगळं शिकवून ठेवलेलं दिसत होतं.

"आज नाही म्हणता येत नाही ना?" तिने विचारलं. "कमरेचं ऑपरेशन ठरलंय. हॉस्पिटलात माझ्याजवळ कुणी नाही. येशील?"

मी हो म्हणाले. मग तिला हळदकुंकू लावलं, टोपलीत तांदूळ घातले आणि चहा टाकायला आत गेले.