न परतलेला डबा

वन्सं गेल्या त्याला आता दीड महिना होईल. फोन त्यांच्या शेजारणीचा होता. "आंटी दरवाज़ा नहीं खोल रहीं, आप लोग आ जाइए," एवढंच ती म्हणाली. श्रीकांत आणि मी द्वारकेहून मेट्रोनं मयूर विहारला पोचलो, त्यात तासभर गेला. कुलूपवाल्याला बोलावून दार उघडावं लागलं. वन्सं अंथरुणातच होत्या, झोपेत गेल्या असं डॉक्टर म्हणाले. मी पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर घासलेले डबे ओळीनं उपडे घातलेले होते. 

वसुधा देवस्थळे या माझ्या नवऱ्याच्या, श्रीकांतच्या, थोरल्या बहीण. लग्न केलं नाही, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात पस्तीस वर्षं नोकरी केली. पण दिल्लीतल्या मराठी मंडळींत त्यांची ओळख वेगळीच होती. हळदीकुंकू असो, बारसं असो, कुणाची वास्तुशांत असो, त्या मदतीच्या निमित्तानं सरळ स्वयंपाकघरात शिरत आणि तिथले डबे एकेक करून उलटे करून बुडावर घातलेली नावं वाचत. बायका तोंडाला पदर लावून हसत. 'भांडी-इन्स्पेक्टर' हे नाव त्यांना कुणी दिलं मला ठाऊक नाही, पण ते ऐकून मीही हसले आहे. लाज वाटायची हो मला! नवी सून म्हणून मिरवायचे माझे दिवस, आणि नणंद लोकांची फडताळं उचकतेय.

त्यामागची गोष्ट मला लग्नाआधी सांगितली होती, पण सांगितलेली गोष्ट आणि सोसलेली गोष्ट यांत फरक असतो. ब्याऐंशीच्या एशियाडच्या आदल्या वर्षी हे कुटुंब दक्षिण दिल्लीतल्या एका सरकारी कॉलनीत राहत होतं. भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते. नात्यातल्या लग्नासाठी अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, लॉकरमधून सासूबाईंच्या पाटल्या आणि गोठ घरी आणले होते. अप्पा ऑफिसात, श्रीकांत शाळेत. एकोणीस वर्षांच्या वसुधा कॉलेजातून आल्या, तर दार नुसतं लोटलेलं. सासूबाई स्वयंपाकघरात पडल्या होत्या, डोक्याशी बत्ता, आणि दागिने गेलेले. मी सासूबाईंना फक्त फोटोत पाहिलंय. श्रीकांत त्यांच्यासारखे हसतात असं वन्सं म्हणत.

पोलिसांनी विचारलं, कुणाला पाहिलंत का? वसुधांनी सांगितलं, इस्त्रीवाला जिना उतरत होता, घाईघाईनं. खाली कडुनिंबाशी त्याचा ठेला होता, रामसेवक त्याचं नाव. त्याला उचलून नेलं. अकरा दिवसांनी पुरावा नाही म्हणून सोडलं, तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बोटं मोडलेली होती. कोळशाची जड इस्त्री त्या हातानं पुन्हा उचलली गेली नाही. ठेला उठला, माणूस दिसेनासा झाला. कॉलनीनं मात्र ठरवून टाकलं होतं, तोच तो. आपल्याकडे सुटलेल्या गरिबाला कोण निर्दोष म्हणतं?

पुढच्या दिवाळीला माळ्यावरून फराळाचे डबे काढताना वसुधांच्या लक्षात आलं की एक डबा नाही. स्टीलचा, मोठा, बुडावर 'चि. श्रीकांतच्या बारशानिमित्त' असं नाव घातलेला. वर्षभर कुणालाही त्याची उणीव जाणवली नव्हती, कारण दिवाळीत मराठी घरातले डबे घरात असतातच कुठे? इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. सासूबाई गेल्यावर ज्यांच्या ज्यांच्याकडे डबे गेले होते त्यांनी ते परत आणून दिले, आणि आपली पद्धत अशी की डबा रिकामा परत पाठवायचा नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, म्हणून सुतकाच्या घरी ती कशी घालायची यावर बायकांची कुजबुजही झाली होती म्हणे. सगळे आले. हा एक आला नाही. वसुधांनी घरोघर विचारलं, तो कुणाकडेच गेला नव्हता. तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की दागिने त्या डब्यातून गेले. त्या दिवसांत मराठी घरातून डबा घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाकडे कोण बघणार? पण इस्त्रीवाला डबा घेऊन उतरला असता तर ते डोळ्यांत भरलं असतं. त्याच्या हातात कपड्यांचं बोचकं होतं, ते वसुधांनी स्वतः पाहिलं होतं. म्हणजे मारणारा आपल्यातला होता.

अप्पांनी पोलिसांना लिहिलं. सरकारी माणूस तो, कागदावर त्याचा विश्वास. उत्तर आलं नाही की रिमाइंडर, त्यालाही आलं नाही की मागच्या पत्राचा हवाला देऊन पुन्हा रिमाइंडर. दर तीन महिन्यांनी एक. अप्पा गेल्यावर वन्संनी ते काम उचललं. ठाणेदार बदलले, केस बंद झाली, तरी पोच म्हणून शिक्का मारून घेतलेली प्रत त्यांच्या कपाटात पडत राहिली. मी एकदा चिडून म्हणाले होते, "वन्सं, पुरे करा ना आता. गेलेलं माणूस काही परत येणार आहे का?"

त्या म्हणाल्या, "आईसाठी नाही गं करत मी…"

कपाटाचं दार लावून म्हणाल्या, "'घाईघाईनं' हा शब्द मी माझ्या मनाचा घातला, माधवी. तो रोजच्यासारखाच उतरत होता."

घरी येऊन मी श्रीकांतना सांगितलं, तर ते पेपरात तोंड घालून बसले. आम्ही दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही, आणि वन्सं एकट्याच लोकांची भांडी उलटी करत राहिल्या. याची मला आज शरम वाटते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या गणपतीत घरोघरून प्रसाद आला होता. वन्सं आमच्याकडेच राहिल्या होत्या. एका डब्यातले बेसनाचे लाडू त्यांनी परातीत काढले आणि सवयीनं डबा उलटा केला. "वन्सं, निदान देवासमोर तरी…" मी दबक्या आवाजात खेकसले. डबा माझ्यापुढे धरून त्या म्हणाल्या, "नवऱ्याचं नाव वाच."

डबा आणला होता एका सुनेनं, लग्न होऊन इंदूरहून आलेल्या. सासू वारली म्हणून तिनं माळा आवरायला घेतला, त्यात खालच्या ट्रंकेत सापडला, इतकं साधं. तिचे सासरे म्हणजे जुन्या कॉलनीत समोरच्या ब्लॉकमध्ये राहणारे, अप्पांच्याच सेक्शनमधले काका. नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं इथेच शाळेत जातात. माझ्या सासूबाईंना या माणसानं खांदा दिला होता. त्या दिवसांत श्रीकांत त्यांच्याच घरी जेवत होते.

वन्संच्या कपाटातले कागद पाहून एका तरुण पोलीस अधिकाऱ्यानं केस पुन्हा उघडली. डबा समोर ठेवल्यावर काका फार वेळ टिकले नाहीत. ऐंशी ओलांडलेला माणूस, न्यायाधीशांसमोर सगळं सांगून मोकळा झाला. पाटल्या घरी आणल्याचं अप्पांनीच ऑफिसात सांगितलं होतं. वहिनी, म्हणजे माझ्या सासूबाई, वरच्या मजल्यावर गेलेल्या पाहून ते आत शिरले, त्या मध्येच परतल्या. "भावोजी, तुम्ही?" एवढंच म्हणाल्या. मग दागिने डब्यात, वर चार चकल्या. जिन्यात शेजारचे दोघं भेटले, त्यांनी काकांना दिवाळीच्या शुभेच्छाही दिल्या. पुढे दागिने विकले, पण नाव घातलेला डबा टाकायचा कुठे, या भीतीनं तो ट्रंकेत राहिला. आरोपपत्र कोर्टात पोचण्याआधीच काका हॉस्पिटलात वारले. शिक्षा नाही, खटला नाही. श्रीकांतच्या बारशाचा डबा अजून पोलिसांच्या मालखान्यात, पुरावा म्हणून, सीलबंद आहे.

लोकांनी वन्संचं अभिनंदन केलं. हो, अभिनंदन! त्यांचं लक्ष कुठे होतं? त्या रामसेवकला शोधत होत्या. इस्त्रीवाल्यांना विचारत विचारत नोएडाच्या पलीकडच्या एका वस्तीत त्यांना पत्ता मिळाला. गेल्या दिवाळीत त्यांनी नवा डबा घेतला, बुडावर हिंदीत 'श्री रामसेवक' असं नाव घालून घेतलं, स्वतः बेसन भाजून लाडू केले आणि मला सोबत घेऊन निघाल्या. रामसेवक बारा वर्षांपूर्वीच गेला होता. म्हातारी बायको खाटेवर बसली होती, शेजारी सून. वन्संनी हात जोडले आणि सगळं सांगितलं, की खुनी सापडला, की तुमच्या माणसानं काही केलं नव्हतं, आता ते सिद्ध झालंय. 

म्हातारीनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "बिटिया, हमें तो तब भी मालूम था."

बस, एवढंच. रागावली नाही, रडली नाही, वर चहाही केला. वन्संनी डबा खाटेवर ठेवला आणि आम्ही उठलो. परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी कुणासाठी शोधत होते गं? त्यांना तर माहीतच होतं." त्यानंतर त्यांनी कुणाच्या घरचं एकही भांडं उलटं केलं नाही. मला वाटलं, सुटल्या. पण त्या सुटल्या नव्हत्या, विझल्या होत्या, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही.

वन्सं गेल्यावर चौदाव्या दिवशी आम्ही मयूर विहारचं घर आवरत होतो. बेल वाजली. दारात रामसेवकची सून, हातात पिशवी. पत्ता वन्संनीच तिला लिहून दिला होता. पिशवीतून तिनं डबा काढला, घासूनपुसून लख्ख केलेला, आणि माझ्यापुढे धरला. "अम्माजी ने भेजा है. कहती हैं, किसी का बर्तन घर में नहीं रखना."

मी म्हटलं, "आंटी अब नहीं रहीं… और ये तो आप ही लोगों का है. देखिए, नाम लिखा है बाबूजी का." मी डबा उलटा करून दाखवला.

तिनं एकेक अक्षर जुळवत नाव वाचलं. त्यावरून एकदा बोट फिरवलं. मग आत येऊन डबा ओट्यावर, वन्संच्या डब्यांच्या शेजारी ठेवला.

"नाम लिख देने से हमारा थोड़े ही हो जाएगा, बहनजी," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

ती गेल्यावर मी झाकण काढलं. आत साखरेचा एक कणही नव्हता.