कोंबडा आरवेपर्यंत

भिसेगावातल्या माझ्या न्हाणीघराला तीनच भिंती होत्या. चौथीच्या जागी गोणपाट. गवंडी लेण्यांखालच्या कोंडाणे गावचा, हाताला सफाई अशी की गिलाव्यावर माशी घसरावी. पण हाती घेतलेलं काम त्याने कधी पुरं केलं नाही. जाब विचारला की थापी पुसत शांतपणे सांगायचा, "अवो मास्तर, आमच्या डोंगरातली लेणी पांडवांनी एका रातीत खोदली. कोंबडा आरवला, तशी अर्धी टाकून गेले. देवमाणसांचं ऱ्हायलं, मंग मी कोन?"

पांडवांच्या नावावर त्याने अर्ध्या गावाचे ओटे नि पायऱ्या लटकत ठेवल्या होत्या. आणि आम्ही असे भाविक, की भीमाचं नाव निघालं की गप्प बसायचो.

मग बौद्धवाडीने विहार बांधायला घेतला. भिंती खांद्याला लागल्या तशी त्याने तिथेही कोंबड्याची गोष्ट काढली. वाडीतल्या एका म्हातारीने तंबाखू मळत ती सगळी ऐकून घेतली.

"ती लेणी भिक्खूंची हायत रं," ती म्हणाली. "पिढ्यान् पिढ्या खोदली त्यांनी. आन कोंबडा आरवला की ते कामाला लागायचे."

विहार पुरा झाला, अगदी रंगासकट.

मी आशेने त्याला गाठलं. "कळलं ना आता, लेणी कुणाची ते? मग माझी भिंत?"

त्याने माझ्या दारावरच्या गणपतीला हात जोडले.

"भिक्खूंची ती त्यांच्यासाठी, मास्तर. तुमच्यासाठी पांडवांचीच ना?"