माउंटखालची बोटभर कड

चित्रांना फ्रेम करून देणाऱ्या माणसाच्या घरात अशी बहीण जन्माला यावी, की जिच्या एकाही चित्राला फ्रेम लागत नाही, याला काय म्हणावं? फ्रेमवाला याला ‘माझं नशीब’ म्हणायचा. पूर्वी कपाळाला हात लावून म्हणायचा, आता मान ताठ करून म्हणतो.

दुकान अरुंद. पुढे रस्त्याकडे काचेची खिडकी, मधे कापायचं टेबल, भिंतीला टेकवलेले पट्ट्यांचे गठ्ठे आणि मागून पोटमाळ्यावर जाणारा कुरकुरणारा जिना. माळ्यावर धाकटी बसते, एक मोठा स्क्रीन आणि एक पेन घेऊन. दोघांत वयाचं अंतर एवढं, की तो तिला शाळेत सोडायला गेला की बाई ‘तुमची मुलगी फार बोलते’ अशी तक्रार करायच्या. तोही ‘बघतो’ म्हणून परत यायचा. वडील गेल्यापासून बापाचं काम त्याच्याकडेच होतं, मग नातं कशाला समजावत बसा?

तिचं बालपण त्याच टेबलाखाली गेलं. चित्र आणि फ्रेम यांच्या मधे जो जाड पुठ्ठा बसतो, तो माउंट. त्याचा मधला भाग कापून काढला की चौकोनी खिडकी तयार होते. कापलेला तुकडा टाकाऊ. ही ते तुकडे खारीसारखे साठवायची आणि त्यांवर चित्रं काढायची, म्हणून तिचं नाव पडलं खारू. काढायची तीही या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी कडेला चिकटून.

“अगं, चारी बाजूंनी बोटभर जागा सोडावी,” तो ओरडायचा. “तेवढं माउंटखाली जातं. तिथे काढलेलं फुकट.”

“मग तू माउंट लावू नकोस ना,” टेबलाखालून उत्तर यायचं.

मोठी झाल्यावर खारूने बिस्किटांच्या पाकिटांवरची चित्रं काढायची चांगली नोकरी धरली आणि एक दिवस सोडूनही दिली. म्हणाली, आता मी माझी चित्रं काढणार आणि ब्लॉकचेनवर विकणार. फ्रेमवाल्याने बायकोकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, “पोरगी हुशार आहे, उपाशी नाही राहायची.” विषय तिथेच मिटला. पण शेजारच्या दुकानातला चष्मेवाला थोडाच मिटू देणार?

“बहीण काय करते हल्ली?”

“चित्रं काढते. कॉम्प्युटरवर. विकते.”

“म्हणजे कागदावर छापून?”

“नाही.”

“मग गिऱ्हाईक घरी काय नेतं?”

इथे फ्रेमवाला करवत चालवायला घ्यायचा. करवतीच्या आवाजात कोणाला काही सांगावं लागत नाही.

खारूने त्याला समजावलं नव्हतं असं नाही. “दादा, चित्र बघू सगळेच शकतात. पण ते कोणी केलं आणि आता कोणाच्या मालकीचं, ही नोंद एकाच वेळी हजारो कॉम्प्युटरांवर होते. एकदा झाली की कोणाच्या बापाला खोडता येत नाही.”

“बरं. मग अशा तीन-तीन चेन कशाला?”

“तू सराफांच्या गल्लीत दुकान टाकलं असतंस, तर साधी फ्रेम घ्यायला कोण आलं असतं?” एका चेनवर नोंदच महाग, तिथे तिची मोजकी मोठी चित्रं. दुसरीवर सगळं स्वस्त, तिथे कोणालाही परवडतील अशी छोटी. तिसरी तिला हलत्या चित्रांसाठी आवडली होती. तिन्हींचा विषय एकच, ‘आमची गल्ली’.

पहिल्या चेनवर कित्येक महिने कुत्रंही फिरकलं नाही. खारू तोंड बारीक न करता काढत राहिली. मग कुठल्यातरी लांबच्या देशातल्या एका नर्सबाईने एक चित्र घेतलं आणि कळवलं, की रात्रपाळीहून आल्यावर मी या गल्लीत चक्कर मारून मगच झोपते. फ्रेमवाल्याने तो निरोप बायकोला इतक्या वेळा वाचून दाखवला, की शेवटी तीच पुढचं वाक्य म्हणू लागली. दुसऱ्या चेनवरची छोटी चित्रं तर हातोहात गेली. गिऱ्हाइकं आता तिसऱ्या चेनवरच्या हलत्या चित्रांच्या संग्रहाची वाट पाहत होती.

त्यातलं मुख्य चित्र ‘दुपार’. खारूने त्याची स्थिर प्रत पेनड्राइव्हवर दादाला दिली, नुसती बघायला. पण दादाचे हात शिवशिवायला लागले. त्याने ती उत्तम कागदावर छापून आणली, पांढरा माउंट कापला, सागवानी फ्रेम केली आणि थेट खिडकीत टांगली. खाली पाटी लावली, ‘चित्रकार : माझी धाकटी बहीण’. खारू म्हणाली, “दादा, अजून ते बाहेर आलेलं नाही रे.” मग त्याचा चेहरा बघून तिनेच पाटी सरळ केली.

लोक थांबत, फोटो काढत. फ्रेमवाला आतून धावत येई. “काचेवर चमक येते, जरा तिरके उभे राहा. हां, आता बघा.” प्रत्येकाला त्याने असा स्वतः फोटो जमवून दिला.

संग्रह बाहेर पडायच्या दिवशी खारू जिना उतरून आली आणि टेबलाशी नुसतीच बसली.

“दादा, मला चोर म्हणतायत.”

‘दुपार’ कोणीतरी आधीच भलत्याच एका चेनवर स्वतःच्या नावाने नोंदवली होती. तिचा संग्रह विकणाऱ्या साइटने विक्री थांबवली होती. ‘नोंद आधी त्याची आहे,’ गिऱ्हाइकं विचारत होती, ‘मग खारू कोण?’ मूळ फाइल तिच्याकडे होती, पण फाइलच्या तारखा बदलता येतात असं लोक म्हणत होते. जी नोंद खोडता येत नाही म्हणून ती इतकी वर्षं भरवसा ठेवून होती, तीच आता मानगुटीवर बसली होती. हा संग्रह डागाळला असता तर तिन्हीकडचं नाव गेलं असतं.

फ्रेमवाल्याला खिडकीसमोर काढलेले ते फोटो आठवले. सापाला दूध आपणच पाजलं होतं, वर तिरकं उभं राहायलाही शिकवलं होतं. त्याने खिडकीतली फ्रेम उतरवली, टेबलावर पालथी टाकली आणि पकडीने खिळे उपटायला लागला. ते चित्र त्याला डोळ्यांपुढे नको होतं. मागचा पुठ्ठा निघाला, चित्र निघालं, माउंट बाजूला पडला.

“थांब,” खारू म्हणाली. फोनवरचं चोराचं चित्र तिने त्या कागदाशेजारी धरलं. “दादा, त्याने फक्त माउंटच्या खिडकीएवढंच चोरलंय. कड त्याच्याकडे नाहीच!”

तिथेच तिने व्हिडिओ केला. दादाच्या हातांनी माउंट पुन्हा चित्रावर ठेवला, चोराचं चित्र तंतोतंत दिसलं. माउंट उचलला, चारी कडा उघड्या झाल्या. खाली तिने लिहिलं, ‘तुझ्या चित्राच्या डाव्या कडेला काय आहे, दाखव.’ उत्तर आलंच नाही. संध्याकाळपर्यंत साइटने तिची विक्री सुरू केली आणि चोराच्या चित्रावर ‘नक्कल’ असा शिक्का मारला. नर्सबाईने लिहिलं, ‘गल्ली कोणाची ते मला आधीच ठाऊक होतं.’

वर वहिनी आणि खारू हसत होत्या. फ्रेमवाला खाली एकटाच त्या कागदावर वाकला. एवढं झालं, पण डाव्या कडेला काय आहे ते त्याने धड पाहिलंच नव्हतं. तिथे, चित्रातल्या दुकानाच्या दारात, एक माणूस उभा होता. कानावर पेन्सिल, गळ्यात टेप, पोट जरा सुटलेलं.

“खारू! हा मी?”

“मग कोण?” ती जिन्यावरून म्हणाली. “सगळ्यांत आहेस. पहिल्या चित्रापासून. तिन्ही चेनवर.”

“मग कडेला कशाला काढलंस गं?”

“तूच सांगायचास ना, तिथे काढलेलं फुकट जातं. म्हटलं, बघू कसं जातं ते.”

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग फोनवर तिचं एकेक चित्र उघडत गेला. कुठे खिडकीमागे, कुठे सायकलवर, कुठे नुसता हात. बाजूला पडलेल्या माउंटकडे त्याने पाहिलं. आपण स्वतःच्या हाताने स्वतःला झाकलं होतं, आणि या पोरीने त्यावरही तोंड उघडलं नव्हतं. त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी ‘दुपार’ परत खिडकीत लागली, माउंटशिवाय, कडेपर्यंत काच. चष्मेवाला डोकावला. “काय हो, बहीण नक्की करते तरी काय?”

फ्रेमवाल्याच्या हातात करवत होती. त्याने ती खाली ठेवली आणि स्टूल पुढे सरकवलं.

“बसा,” तो म्हणाला. “सांगतो.”