मामांना गडावर न्यायचं होतं

माझ्या आजोळी लग्नाचं पहिलं आमंत्रण गडावरच्या देवीला, मग पाहुण्यांना. पत्रिका आता मोबाइलवरचा व्हिडिओ झाली, तरी निफाडच्या मामीने लेकीच्या लग्नात रीत सोडली नाही. देवीपुढे मोबाइल धरायचा, मगच तो सगळ्यांना पाठवायचा. आणि त्या व्हिडिओत तिला मामा हवे होते. मामा गेल्या द्राक्षांच्या हंगामात वारले. एका फोटोवरून त्यांना बागेतून चालत येताना दाखवायचं, एवढंच. एवढंच म्हणायला काय जातं!

नाशिकच्या माझ्या घरातला कॉम्प्युटर जुना. व्हिडिओ बनवणारं एआय मॉडेल आधी नुसत्या ठिपक्यांचा गोंधळ घेतं आणि पायरीपायरीने तो निवळवत नेतं. दर पायरीला सगळं गणित नव्याने. दुपारच्या आरतीआधी गड गाठायचा म्हणून मामी लेकीसह गाडी करून मला घ्यायला आली, तेव्हा निम्मंही काम झालं नव्हतं.

"नसंल होत तर राहू दे रे," ती म्हणाली. मी पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसलो.

मॉडेलला नव्याने काही शिकवायला ना वेळ होता, ना तसं यंत्र. पण लगतच्या पायऱ्यांचं गणित बरंचसं सारखंच येतं, हे मी वाचलं होतं. मग आधीच्या पायरीचं उत्तर जपून ठेवायचं आणि पुढच्या पायरीला तेच वापरायचं. हावरटासारखं मी ते पहिल्या पायरीपासूनच लावलं. व्हिडिओ झटक्यात तयार! मामीने चष्मा लावून पाहिला.

"टोपी ह्यांचीच हाय. पण हा बाबा कोण?"

लेक खुदकन हसली, मग मामीही. मी मात्र जाम चिडलो.

चेहऱ्याची ठेवण सुरुवातीलाच ठरते आणि बारकावे शेवटी, तिथे काटकसर चालत नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलं. पहिल्या आणि शेवटच्या पायऱ्यांना पूर्ण गणित करू दिलं, उसनं उत्तर फक्त मधल्या पायऱ्यांना. चहा होईपर्यंत काम झालं. मामा द्राक्षांच्या मांडवाखालून आले, एक खांदा जरा पाडून, घाईत असल्यासारखे. माझा जीव भांड्यात पडला.

मामीने चष्मा सारखा केला. मग नेहमीच्याच वैतागाने पडद्याला म्हणाली, "आत्ता येताय व्हय? गाडी कव्हाची उभी हाय. चला, पोरीचं लगीन हाय."