धूळ जाईल ना त्यात!

“अहो, धूळ जाईल ना त्यात!”

व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला कुणी हात लावला की काका असे ओरडायचे. खुर्चीतून अर्धे उठून, दोन्ही हात पसरून, मूल विहिरीकडे धावत सुटल्यासारखे. वाचकहो, धूळ ओढायलाच जन्माला आलेलं यंत्र, आणि त्यात धूळ जाऊ नये म्हणून हा आटापिटा! मध्यमवर्गावर मी बरीच पत्रकं लिहिली. या एका वाक्यात जेवढं मावलं, तेवढं त्यात कधी मावलं नाही.

काका कॉलेज रोडला, आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. निवृत्त, विधुर, मुलगा पुण्याला. नव्वदच्या दशकात टाय लावलेली पोरं दारोदार फिरायची, आपल्याच सतरंजीवर आपल्यादेखत माती टाकायची आणि ती यंत्राने ओढून दाखवायची. अख्खी कॉलनी भाळली. व्हॅक्यूम हप्त्याने आले, पाहुण्यांना दाखवून झाले आणि वर्षाच्या आत माळ्यावर गेले. केर पुन्हा बाईच्या गळ्यात. काका हे माळे हुंगत फिरायचे. हंगामात द्राक्षांची पेटी घेऊन जायचे आणि येताना रिक्षात मांडीवर व्हॅक्यूम. देवळालीच्या जुन्या बंगल्यांतून तर त्यांनी माझ्या जन्माच्या आधीची, पत्र्याची, रणगाड्यासारखी धुडं आणली होती.

पुढची खोली यंत्रांनीच भरलेली. कुणी बंबासारखं, कुणी डुकराच्या पिल्लासारखं. रविवारी सकाळी काका एकेक चालू करायचे. क्षणभरच.

“ऐका. ही देवळालीची. खर्ज बघा.” मग पुढची. “ही जरा चिरकते, पण मनाने चांगली.”

जमलेले शेजारी चहाच्या आशेने माना डोलवायचे. खोटं कशाला सांगू, त्या देवळालीच्या धुडाचा आवाज छातीत उतरायचा.

आणि ही मैफल चालू असताना हिराबाई काय करायच्या? कमरेत वाकून, केरसुणीने, त्याच यंत्रांच्या मधून केर काढायच्या!

हिराबाई काकांकडे आणि आणखी चार घरी कामाला होत्या. पेठ रोडच्या वस्तीतून चालत यायच्या. कंबर अशी धरलेली, की उठताना भिंत लागायची. शेजारीच रांगेत यंत्रं होती, पण त्यांना हात लावायची बंदी. आमची संघटना घरकाम करणाऱ्या बायकांची. मी थेट पत्रक घेऊन धडकले. मथळा माझाच: ‘यंत्रे आरामात, माणूस ओणवा!’

“या, क्रांतिताई. चपला बाहेर,” काका म्हणाले. त्यांनी चष्मा लावून पत्रक शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि एका डुगडुगणाऱ्या व्हॅक्यूमच्या चाकाखाली सारली. “कागद चांगला वापरता.”

“काका, यातला एक हिरामावशींना वापरू द्या.”

“अहो, धूळ जाईल ना त्यात!”

“आणि मावशींच्या कंबरेचं काय?”

“बाम देतो ना मी.”

“देत्यात,” हिराबाई दारातून म्हणाल्या, “पण डबी परत मागत्यात.”

मग दसरा आला. काकांनी सगळी यंत्रं पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून मांडली. मी मुद्दाम गेले.

“आज बटण दाबायचं नाही हं,” काका म्हणाले. “यंत्रांना सुट्टी.”

त्या सुट्टीवरच्या यंत्रांच्या पायाशी पडलेल्या पाकळ्या हिराबाई झाडत होत्या. माझं डोकंच फिरलं.

“वर्षभर झोपलेल्यांना सुट्टी? या घरात राबणारं हत्यार एकच, ती केरसुणी. तिला हार कुठाय? आणि ती धरणारीला सुट्टी कुठाय?”

काका उठले, हिराबाईंच्या हातातून केरसुणी घेतली.

“हिराबाई, तुम्ही घरी जा. सुट्टी.”

“अन् केर?”

“मी काढतो.”

आणि काढला. देवळालीच्या धुडापासून दारापर्यंत. दारापाशी पोचले आणि तिथेच वाकलेले राहिले. सरळच होता येईना! हिराबाईंनी आणि मी त्यांना तसंच, नमस्काराला निघाल्यासारखं, पलंगावर नेलं.

“बाम लावते काका,” हिराबाई कनवटीची डबी काढत म्हणाल्या. “पण डबी परत पायजे.”

काका हसले. हसताना कळ आली, तरी हसले.

उठबस जमायला लागल्यावर त्यांनी एक पिवळा व्हॅक्यूम रांगेतून काढला, पिशवी लावली. “फक्त पुढची खोली हं.” हिराबाई उभ्याने केर ओढत होत्या आणि काका इंजेक्शन घेतल्यासारखे डोळे मिटून बसले होते. पुढे रोज संध्याकाळी गच्चीत जाऊन ती पिशवी ते स्वतः झटकायचे. हा विजय मी पत्रकात ठळक छापला. काकांनी तेही चाकाखाली सारलं. दुसरं चाकही डुगडुगत होतं.

काका गेले. पुण्याच्या मुलाने संग्रह भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवला. देवळालीचं धूड चढताना खडखडलं, तेवढाच त्याचा निरोप. पिवळा तेवढा हिराबाईंनी मागून घेतला.

यंदा दसऱ्याला त्यांच्या खोलीवर गेले. पिवळा व्हॅक्यूम फळीवर, गळ्यात झेंडूचा हार. हिराबाई लांब दांड्याच्या झाडूने उभ्याने खोली झाडत होत्या.

“मावशी, हा नाही वापरत?”

“नाय. लय राबला तो. तुमीच तं म्हणता, राबणाऱ्याला सुट्टी पायजे.”

“आज दसरा म्हणून ठीक. उद्या?”

“उद्या बी नाय.”

मी नळी बघायला हात पुढे केला. हिराबाईंनी झाडू टाकला आणि दोन्ही हात पसरून मधे आल्या.

“अवो ताई, धूळ जाईल ना त्यात!”