चारीवरच्या मालनआक्का

गावाच्या पाण्याचा क्रम मी एसटीत बसून बिघडवला. एका अंगठ्याने. बोलणी खाल्ली मालनआक्कांनी.

आक्का आता नाहीत. जामखेडकडच्या आमच्या गावात तलावाची एकच चारी, म्हणजे शेतांना पाणी नेणारा छोटा कालवा. कुणाच्या शेताला पाणी कधी, हे त्या ठरवत. नियम साधा: टोकाच्या शेताला आधी, मग वर सरकत तलावाकडे. त्यांचा भरवसा कुणावरच नसे. "पाणी आलं" असा फोन आला तरी बांधापर्यंत चालत जात, चप्पल काढून चारीत पाय बुडवत, मग म्हणत, "हां, आता आलं." भाचीच्या लग्नात नवरदेवाचा शाळेचा दाखला मागितलेली ही बाई. म्हणत, "संशय घ्यावा. मानूस नीट ऱ्हातो."

मी जामखेडला संगणक दुरुस्त करतो, म्हणजे गावाच्या हिशेबी शास्त्रज्ञ. पाण्याच्या पाळ्यांसाठी मी ओपन सोर्स डेटाबेस बसवून दिला. आतली भानगड कुणाला दिसत नाही. मोबाईलवर नुसता नावांचा आणि फोन नंबरांचा तक्ता; ज्या क्रमाने नावं, त्या क्रमाने पाणी.

"फुकट हाय?" आक्कांनी विचारलं.

"जवळपास. आणि आत काय आहे ते कुणालाही उघडून बघता येतं."

"मंग दिसत का न्हाई?"

"अवघड असतं, म्हणून झाकलंय. तुमच्याच सोयीसाठी."

"माज्या सोयीसाठी कुनी काई झाकलं, की मला लई भ्या वाटतं बाबा."

तरी तक्ता चालू झाला. उन्हाळ कांद्याच्या शेवटच्या पाण्याला आक्का डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नगरला होत्या. तलावाच्या गेटवाल्याने मोबाईलवरचा तक्ता पाहून पाणी सोडलं ते तलावालगतच्या आढावांना. आढाव म्हणजे आक्कांचे सख्खे भाऊ. टोकाला शेळक्यांचा कांदा माना टाकत होता, आणि तलावात पाणी जेमतेम.

आक्का परतल्या त्याच संध्याकाळी देवळासमोर माणसं जमली. शेळके कडाडले, "आक्का, जलमभर आमच्यावर संशय घेतला. आन् भावाची येळ आली तवा बरं डोळ्याचं आपरेशन निघालं!"

आक्कांच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसरा जमिनीवर. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. यंत्र थोडंच चुकतंय, बहीणच चुकली असणार!

पुरावा म्हणून मी ऐटीत मोबाईल उघडला. क्रम कुणी बदलला याची नोंद तिथे राहते. नाव माझं होतं. एसटीत त्या तक्त्यात कुणाचा तरी नंबर शोधताना मी 'नावानुसार लावा' दाबलं होतं. वाटलं, माझ्यापुरतंच लागेल. ते गावभर अकारविल्हे लागलं. आढाव वर, शेळके तळाला.

"मी केलं," मी म्हणालो. गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं.

"आदी आढावाचं पानी तोडा," आक्का उठल्या. "शेळक्याला सोडा. जावा!"

माणसं पांगली. मी जवळ जाऊन पुटपुटलो, "निदान यात कुणाची लबाडी नव्हती, आक्का."

उघड्या डोळ्याने त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. "असती तं बरं हुतं. लबाडावर पाळत ठिवता येती. येड्यावर कशी ठिवायची?"